चाकांवरचें बिऱ्हाड व बिनतारी वाट

जुन्या काळीं घरचें माणूस प्रवासास निघालें म्हणजे वडील मंडळी एवढेंच सांगत कीं, पोंचल्याचें पत्र टाक. कित्येकदां पत्राच्या आधीं पत्र टाकणाराच परत येई, आणि त्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नसे. आज पृथ्वीच्या पलीकडच्या अंगास गेलेल्या मुलाचें तोंड चार दिवस दिसलें नाहीं, तर आईच्या घशाखालीं घांस उतरत नाहीं. सोय वाढते तशी ओढहि वाढते. या ओढीपायीं आम्हांस यंदा अमेरिकेंतील एका उजाड वाळवंटांत जो खटाटोप करावा लागला, त्याची हकीकत वाचकांस सांगावी असें मनांत आहे.

आम्ही उभयतां २०२५ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत ॲरिझोना संस्थानांतील फीनिक्स शहरीं चिरंजीवांकडे गेलों. डिसेंबरच्या मध्यावर आमच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला व तांतडीनें शस्त्रक्रिया करावी लागली. पडदा जागच्या जागीं दाबून धरण्याकरितां अशा वेळीं कित्येकदां डोळ्यांत वायूचा बुडबुडा भरतात. तो कांहीं आठवड्यांत हळूहळू विरतो; परंतु तो असेपर्यंत विमानप्रवास सर्वस्वीं वर्ज्य असतो. उंचावर बाहेरचा दाब कमी झाला कीं बुडबुडा फुगतो, डोळ्याच्या आंतील दाब वाढतो, आणि दृष्टीच जाण्याची भीति असते. आम्हांस तर डोंगर चढण्यासहि मनाई झाली. घरांत बसून आम्ही कंटाळलेले पाहून चिरंजीव म्हणाले, “बाबा, उंचावर जायचें नाहीं एवढेंच ना? मग आपण सखल वाळवंटांत जाऊं.”

चिरंजीव व सूनबाई यांची कचेरी म्हणजे मांडीवरचा संगणक. इंटरनेट असेल तेथें त्यांची नोकरी चालते. त्यांजपाशीं एक मोटारघर आहे. तिकडे त्यास ‘आर. व्ही.’ म्हणतात. सुमारें अठ्ठावीस फूट लांबीच्या त्या गाडींत निजण्याच्या दोन जागा, गॅसची शेगडी, शीतकपाट, न्हाणी व पाण्याची टांकी आहे; छपरावर सूर्यप्रकाशापासून वीज करणारे फलक बसविले आहेत. मकरसंक्रांतीचा तिळगूळ डब्यांत भरून आम्ही चौघें त्या चाकांवरच्या बिऱ्हाडांत बसून निघालों. फीनिक्सपासून पश्चिमेस सुमारें दोनशें किलोमीटर गेल्यावर क्वार्ट्झसाइट नांवाचें गांव लागलें. तें समुद्रसपाटीपासून सुमारें नऊशें फूट उंचीवर आहे आणि वाटेंत मोठा घाट नाहीं, त्यामुळें डोळ्याच्या दृष्टीनेंहि तें ठिकाण सोयीचें होतें.

क्वार्ट्झसाइट हें एरवीं अगदीं लहानसें गांव. २०२० च्या शिरगणतींत त्याची वस्ती अडीच हजारांहूनहि कमी भरली. उन्हाळ्यांत तेथें जीव नकोसा होतो. पण हिवाळा आला कीं उत्तरेकडील बर्फास कंटाळलेले लोक आपापलीं मोटारघरें घेऊन हजारोंच्या संख्येनें तेथें उतरतात. भोंवतालची जमीन बहुतेक सरकारी आहे. तींत कांहीं नेमलेल्या ठिकाणीं चौदा दिवसपर्यंत फुकट मुक्काम करतां येतो. नळ नाहीं, दिवा नाहीं, कुंपण नाहीं. काळसर खडीचें सपाट मैदान, मधून मधून क्रिओसोटचीं विरळ झुडपें, आणि क्षितिजापर्यंत पसरलेलीं तीं पांढरीं घरें. पंढरीच्या वाटेवर पालख्यांचा तळ पडतो त्याची आठवण झाली. अंतर इतकेंच कीं, येथें प्रत्येकजण आपापल्या खुर्चींत स्वस्थ बसलेला.

गांवच्या स्मशानांत एक मौजेचें स्मारक आहे. १८५६ सालीं अमेरिकन सरकारनें या रुक्ष मुलखांत सैन्याचें सामान वाहण्यासाठीं उंट आणविले, आणि ते हांकण्यासाठीं पूर्वेकडील माणसेंहि आणविलीं. त्यांत हाजी अली नांवाचा एक उंटवाला होता. त्याच्या नांवाचा उच्चार न साधल्यामुळें लोकांनीं त्याचा ‘हाय जॉली’ केला. पुढें उंटांचा बेत बारगळला, पण हा मनुष्य मायदेशीं परतला नाहीं. तो १९०२ सालीं येथेंच वारला. त्याच्या थडग्यावर १९३५ सालीं दगडी मनोरा उभारून वर तांब्याचा उंट बसविला आहे. त्या मनोऱ्यापुढें आम्ही बराच वेळ उभे राहिलों. इतक्या दूर येऊन पडलेल्या या माणसाला घरची खबर कधीं मिळाली असेल काय, हा विचार तेव्हां सहज मनांत आला. दोनच दिवसांनीं त्याच विचारानें आमची झोंप उडविली.

कारण असें घडलें. पुण्याहून आमच्या वडील बंधूंचा निरोप आला कीं, सदाशिव पेठेंतील आमचा वाडा माघ संपण्याच्या आंत रिकामा करून द्यावयाचा ठरलें. आजोबांनीं बांधलेला तो वाडा पाडून तेथें सात मजली इमारत व्हावयाची आहे, व आम्हां भावांस तींत एकेक बिऱ्हाड मिळावयाचें आहे. तें आज ना उद्यां व्हावयाचें, हें आम्हांस ठाऊक होतें. पण इतक्या लौकर होईल असें वाटलें नव्हतें. आमच्या घरीं माघ शुद्ध चतुर्थीस गणेशजन्माचा उत्सव असतो. यंदा ती तिथि २२ जानेवारीस होती. वाड्यांतील तो शेवटचा उत्सव. वयाच्या नव्वदीस टेंकलेल्या आमच्या मातोश्रींनीं दादांपाशीं एकच इच्छा बोलून दाखविली, “सगळीं मुलें जन्मकाळाला देवघरापुढें पाहिजेत.” आणि आम्हांस तर विमानांत पाऊल ठेवण्याची बंदी!

दादांनीं समजुतीनें सांगितलें, “तूं जिवाला लावून घेऊं नकोस. तेथूनच पहा. आईला तुझें तोंड दिसलें म्हणजे झालें.” उपाय सोपा होता, पण आमच्या तळावर तोच होईना. मोबाइलच्या मनोऱ्याकडील बाजूस एक टेंकडी आडवी येत होती. शिवाय हजारों मुक्कामकरी एकाच मनोऱ्यावर तुटून पडलेले. शब्द कसाबसा जाई, पण चित्र म्हणून येत नसे. कृत्रिम उपग्रहांवरून मिळणारें इंटरनेट २०२२ सालापासून तिकडे मोटारघरांसाठींहि विकत मिळतें, आणि त्याच्या पांढऱ्या थाळ्या कित्येकांच्या छपरांवर दिसत होत्या. आमच्या गाडीवर ती नव्हती. गाडी हलवून दुसरीकडे जावें, तर जानेवारीच्या त्या गर्दींत बरी जागा मिळण्याची शाश्वति नव्हती.

गांवच्या बाजारांत रत्नखडे व दगड विकणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थाशीं चिरंजीवांचा परिचय झाला होता. त्यांनीं उभी हयात टेलिफोनच्या तारा ओढण्यांत घालविली होती. आमची अडचण ऐकून ते म्हणाले, “माझ्या घरीं तारेचें चांगलें इंटरनेट आहे. तुमच्या तळापासून घर दोन मैलांहून कमी. साडेपांचशें किलोमीटर उंच आकाशाकडे हात पसरण्यापूर्वीं शेजाऱ्याचें दार ठोठावून पहा.” येथें एक गोष्ट सांगून ठेवतों. अशा रीतीनें दुसऱ्याचें इंटरनेट दुरून घेण्यास त्या घरधन्याची संमति हवीच. दार उघडें दिसलें म्हणून आंत शिरणें हा सभ्यपणा नव्हे.

घरोघरचें वाय-फाय सामान्यतः एका खोलीपुरतें, फार तर अंगणापर्यंत पोंचतें. तें तीन किलोमीटर कसें न्यावयाचें? याचें मर्म समईच्या व मोटारीच्या दिव्यांत आहे. समईचा प्रकाश चोहोंकडे पसरतो, म्हणून दूर जात नाहीं. अंतर दुप्पट झालें कीं तो चौथाईवर येतो. तेवढाच प्रकाश अंतर्गोल आरशानें एका दिशेस वळविला, तर दूरचा रस्ता उजळतो. बिनतारी लहरींसहि हाच न्याय लागू आहे. आमच्या पुणें जिल्ह्यास तर ही विद्या नवी नव्हे. १९२७ सालीं हिंदुस्थान व विलायत यांच्या दरम्यान एकाच दिशेनें लहरी फेंकणारा बिनतारी तारायंत्र-मार्ग सुरू झाला, तेव्हां त्याचें संदेश सोडणारें ठाणें खडकीस व संदेश झेलणारें ठाणें दौंडास होतें. त्या प्रचंड तारांचें काम आज हातांत मावणाऱ्या यंत्रानें होतें, याचें कारण लहर आंखूड झाली. वाय-फायची जुनी लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटर लांबीची. तिला वळवावयास तारेच्या जाळीची एक परात पुरते. या लहरींचा पट्टा अमेरिकन सरकारनें १९८५ सालीं विनापरवाना वापरास खुला केला, म्हणून कोणीहि गृहस्थ शक्तीची मर्यादा पाळून हा उद्योग करूं शकतो.

म्हाताऱ्या गृहस्थांच्या अडगळींत अशी एक परात निघाली. चिरंजीवांनीं पंधरा फुटांची नळी आणली. तिच्या बुडास लोखंडी पत्रा जोडून तो पत्रा गाडीच्या मागच्या चाकाखालीं दडपला. गाडीच्या वजनानें खांब ताठ उभा राहिला, वर तीन दोरांचे ताण दिले. बोलणारें यंत्र गाडींत न ठेवतां परातीच्या पाठीशींच बांधलें. याचें कारण म्हाताऱ्यांनीं समजावून दिलें. बारीक केबलींतून या लहरी तीस फूट खालीं आणल्या, तर दहांतला एकच हिस्सा उरतो. म्हणून यंत्र वर ठेवावें आणि त्याची वीज व त्याचें बोलणें एकाच साध्या जाळेतारेनें न्यावें-आणावें. त्या तारेचें दुसरें टोंक गाडींतल्या लहानशा वाय-फाय यंत्रास जोडलें, म्हणजे आंत प्रत्येकाच्या फोनला तें मिळतें. वर्च्या यंत्रास वीज लागते आठ वॅटच्या आसपास. छपरावरच्या फलकांस ती भारी नव्हती.

एवढें करूनहि पहिल्या दिवशीं कांहींच साधलें नाहीं. आमच्या परातीस म्हाताऱ्यांच्या घरचें यंत्र अंधुक ऐकूं येई, पण जोड टिकत नसे. शोध करतां कारण सांपडलें. त्या भागांतील कित्येक घरांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर लोखंडी जाळी ठोंकून तिजवर गिलावा केलेल्या असतात. त्यांचें यंत्र अशा भिंतीच्या आंत, म्हणजे जणूं पिंजऱ्यांतच बसलेलें. आम्ही कितीहि मोठ्यानें हांक मारली, तरी त्यास ती नीट ऐकूं जाईना आणि त्याचें उत्तर आम्हांपर्यंत येईना. म्हातारे हंसून म्हणाले, “तुम्हीच कान मोठे करून काय उपयोग? माझेंहि तोंड खिडकीबाहेर काढलें पाहिजे.” मग त्यांनीं आपल्या छपरावर दुसरें यंत्र चढविलें. सत्तरीपलीकडचा तो मनुष्य शिडीवर चढतांना पाहून आम्हांस संकोच वाटला. पण त्यांच्या पायांस खांबांची संवय होती.

आतां नेम धरावयाचा राहिला. परातीचा झोत जेमतेम आठ अंश रुंद असतो. सूनबाई गाडींत संगणकावर आंकडे वाचीत, चिरंजीव परात केसाएवढी फिरवीत. आंकडा उणे ७८ वर आला, तेव्हां सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. पण म्हाताऱ्यांनीं फोनवरून बजावलें, “थांबूं नका, ही खोटी शिखा असेल.” अशा परातीच्या मुख्य झोताच्या दोन्ही बाजूंस दुबळ्या झोतांच्या शाखा असतात, व नवखा मनुष्य पुष्कळदां त्यांपैकीं एकीवरच समाधान मानून बसतो. परात आणखी थोडी फिरवितांच आंकडा प्रथम पडला, आणि मग एकदम उणे ५८ वर चढला. या मापांत दहांच्या फरकानें शक्ति दसपट होते. म्हणजे आम्ही शंभरपट बळ वाऱ्यावर सोडून खोट्या शिखेवर समाधानी होणार होतों! त्या रात्रीं पुण्याचें चित्र स्वच्छ आलें. दादांनीं वाड्याचा चौक दाखविला. सौभाग्यवतींनीं तुळशीवृंदावन पाहून डोळ्यांस पदर लावला.

चतुर्थी उजाडावयास एक दिवस राहिला असतां नवें विघ्न उभें राहिलें. ॲरिझोनाचें घड्याळ पुण्याच्या साडेबारा तास मागें असतें, आणि तेथें उन्हाळ्यांत घड्याळ पुढें करण्याचा प्रघात बहुतेक ठिकाणीं नसल्यामुळें हा फरक बारा महिने तोच राहतो. पुण्याची २२ तारखेची माध्यान्ह म्हणजे आमची २१ तारखेची रात्रीं साडेअकरा. त्या दिवशीं दुपारीं आम्ही गांवांतून परत आलों, तों आमच्यापुढें पन्नास पावलांवर एक प्रचंड मोटारघर येऊन उभें राहिलेलें! चाळीस फूट लांब, तेरा फूट उंच. आंकडा उणे ७२ वर उतरलेला. त्यांत भोंवतालच्या शेंकडों यंत्रांचा गलबला. चित्राचे तुकडे पडूं लागले.

आम्हांस नवल वाटलें. गाडीच्या माथ्यावरून म्हाताऱ्यांचें छप्पर तर अजून दिसत होतें! पण या लहरींचें दिसणें आपल्या दिसण्याहून निराळें आहे. त्या दोरीसारख्या एका रेषेंतून जात नाहींत. त्यांस दोन टोंकांमध्यें मधोमध फुगलेल्या, सुपारीच्या आकाराएवढी नव्हे पण तशाच घाटाच्या मोकळ्या पोकळीची गरज असते. तीन किलोमीटरच्या वाटेंत ही पोकळी मध्यावर रेषेच्या चोहोंबाजूंस सुमारें दहा मीटरपर्यंत फुगते, व तिचा निदान साठ टक्के भाग तरी निर्वेध असावा लागतो. आमचा तळ गांवाहून उंचवट्यावर असल्यामुळें मधली वाट मोकळी होती. पण अगदीं तोंडाशींच ही भिंत आली.

खांब वाढवावा, तर जास्त नळी नव्हती. गाडी हलवावी, तर खांब उतरून सगळा नेम पुन्हां धरावयाचा, आणि सूर्य तर मावळतीस लागलेला. चिरंजीव म्हणाले, “त्यांना विनंति करून पाहूं.” आम्हांस तें जड गेलें. मोकळें मैदान, सरकारी जमीन. त्यांनीं कोठें उभें रहावें हें सांगण्याचा आम्हांस काय अधिकार? तरी तिळगुळाची वाटी घेऊन आम्ही उभयतां गेलों. कॅनडांतून आलेलें एक वृद्ध जोडपें दोन दिवसांच्या प्रवासानें शिणून चहा पीत बसलें होतें. आम्हीं आमचा वाडा, आमची आई, आमचा डोळा, सर्व कांहीं मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलें. बाईंनीं तिळाची वडी तोंडांत टाकली व नवऱ्याकडे नुसतें पाहिलें. म्हातारबुवांनीं चहाचा पेला खालीं ठेवला, टेंकूं दिलेले ठोकळे काढले, आणि ती चाळीस फुटी गाडी साठ फूट डावीकडे नेऊन उभी केली. आंकडा पूर्ववत् झाला. आभार मानूं लागतांच ते म्हणाले, “आमचेंहि घर आम्ही तीन वर्षांपूर्वीं विकलें. त्या दिवशीं आम्ही तेथें होतों. तें असणें बरें असतें.”

रात्रीं साडेअकरा वाजतां बाहेर निबिड काळोख होता. चतुर्थीची कोर केव्हांच मावळली होती, मृग नक्षत्र पश्चिमेकडे कललें होतें. गाडींत आम्ही चौघें स्नान करून, धूतवस्त्रें नेसून बसलों. पडद्यावर लख्ख दुपार होती! पुतण्यानें फोन हातीं धरून आम्हांस दिंडीदरवाजांतून आंत नेलें. चौक, ओसरी, माजघर, आजोबांच्या बैठकीचा कोनाडा. निम्मीं कपाटें रिकामीं, भिंतीवर तसबिरींच्या जागीं पांढरे चौकोन. देवघरापुढें मात्र पूर्वीसारखीच दाटी. दूर्वा, जास्वंद, तिळाच्या लाडवांचा नैवेद्य. जन्मकाळ झाला, गुलाल उधळला, आरतीचा घोष उठला. लहर तेथून येथें येण्यास क्षणभर उशीर लागे, म्हणून आमच्या टाळ्या त्यांच्या टाळ्यांच्या मागें पडत. त्यावर पोरें हंसूं लागलीं. उजव्या डोळ्यांतला बुडबुडा खालीं थेंबासारखा डुलत होता, पण डाव्या डोळ्यानें आम्हीं सारें पाहिलें.

आरती झाल्यावर आईनें फोन आपल्यापुढें धरावयास सांगितला. आमच्या तोंडाकडे बराच वेळ पाहून ती म्हणाली, “डोळा कसा आहे रे?” बरा आहे म्हटलें. “आणि हें घर कसलें तुमचें? दाखव बघूं.” चिरंजीवांनीं तिला सारी गाडी फिरवून दाखविली, शेगडी, बिछाने, न्हाणी, शेवटीं बाहेर चांदण्यांत उभा असलेला खांब. “देव कुठें ठेवलेत?” तिनें विचारलें. ओट्याच्या कडेला, मिठाच्या बरणीशेजारीं, वाटींत तांदूळ घालून सौभाग्यवतींनीं सुपारीचा गणपति मांडला होता. तो पाहून ती क्षणभर बोलली नाहीं. मग म्हणाली, “बरं झालं. आतां इथला उचलायला मला तितकं जड नाहीं जायचं.”

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं, म्हणजे पुण्याच्या सकाळीं, घरच्या मंडळींनीं देव वाड्यांतून हलविले. तेंहि आम्हीं पाहिलें. मुक्कामाचे चौदा दिवस भरल्यावर आम्ही खांब उतरविला, परात म्हाताऱ्यांच्या घरीं पोंचती केली, आणि कॅनडाच्या जोडप्यास उरलेला तिळगूळ देऊन निघालों. चाकाखालचा पत्रा काढला, तेव्हां खडींत त्याचा चौकोनी ठसा उमटलेला होता. चिरंजीवांनीं तो पायानें सारखा केला. सरकारी जमीन जशी घेतली तशीच परत करावी, असा तेथील नियम आहे.